धाकटी गौर

१० मे

काल अक्षय्यतृतीयेच्या मुहूर्तावर बडोद्याच्या वाडी भागातलं जुनं घर सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला अकोट्याच्या फ्लॅटमध्ये आलो. तिसरा मजला. लिफ्ट आहे, पण बंद. नळाला पाणी आहे, पण टाकी गच्चीवर उन्हात, म्हणून दुपारी हात भाजतात. खाली कोणी भाजीवाला ओरडला तर वरपर्यंत ऐकू येत नाही. सलील म्हणतो, "बाबा, सवय होईल." मला अजून गाडीत बसून जेवायची सवय झालेली नाही, ह्याची कुठून होणार!

हे सगळं सोसलं असतं. पण आज सामान लावताना गौरींची पेटी उघडली आणि आत एकच मुखवटा निघाला. थोरली आहे, धाकटी नाही.

रागाने अक्षर वाकडं येतंय. आमच्या आजोबांनी पितळी मुखवट्यांची ही जोडी करवून घेतली होती. तेव्हापासून दर भाद्रपदात दोघी बहिणी आमच्याकडे तीन दिवस माहेरपणाला येतात. गेल्या वर्षी आषाढात आमची ही गेली, म्हणून सुतकाच्या वर्षात गौरी बसवल्या नाहीत. त्याआधीच्या भाद्रपदात शेवटची पेटी बांधली ती हिनेच.

दोघींना वेगवेगळं लाल फडकं आहे. त्याची गाठही आमचीच. मी दप्तरखान्यात दप्तरी होतो. शिक्षण सहावी नापास, पण कागदांचा रुमाल बांधावा तर मी. जिने कागदाला वळी पडत नाही आणि जी एक टोक ओढलं की सुटते, त्या गाठीला तिथे सगळे माझ्या नावाने जगदेवची गाठ म्हणत. थोरलीची गाठ तशीच होती. धाकटीचं नुसतं फडकं, तेही नीट घडी घालून ठेवलेलं. चोर भलताच टापटिपीचा दिसतो.

मृदुलाला विचारलं, "बोहारणीला काय काय दिलंस?"

"जुने कपडे दिले बाबा. दोन कढया घेतल्या."

"आणि गौर?"

"गौर कोणी बोहारणीला देतं का? काय बोलता तुम्ही!"

मग तिने सलीलकडे बघितलं. सलीलने पंख्याकडे बघितलं. म्हणजे नवरा-बायकोचं काहीतरी आहे. मी जेवलो नाही.

१४ मे

वाडीत जाऊन आलो. भंगारवाला म्हणाला, "काका, पितळ आवे ने तरत गळाई जाय." आलं की लगेच वितळतं म्हणे. किती सहज बोलला! गौर वितळली तर नसेल? येताना रिक्षावाल्याशी भांडलो. तो बिचारा काही बोललाही नव्हता.

एकटी गौर बसत नाही. दोघी बहिणी एकमेकींचा हात धरून येतात, एक घरी ठेवून दुसरी येत नसते. म्हणजे हे घर आता गौरीविना. सून सुशिक्षित, मुलगा कंपनीत, दोघांना त्याचं काही नाही.

मला एक मुलगीही होती. सहा वर्षांपूर्वी तिने सुरतेच्या कोर्टात जाऊन एका गुजराथ्याशी लग्न केलं. घरी येऊन सांगितलं ते लग्न झाल्यावर. मी त्या माणसाचं तोंड पाहिलं नाही, फोटो पाहिला नाही, नाव कानावर येऊ दिलं नाही. तिचंही नाव घरात बंद केलं. ही चोरून रडायची, ते मला कळायचं. मी विचारलं नाही.

आज हे का लिहिलं कोण जाणे. विषय गौरीचा होता.

२० मे

सापडलं! गुजराती पेपरात जाहिरात आहे. वलसाडजवळ तिथल नावाच्या गावी समुद्रकाठी दर रविवारी नवीन बाजार सुरू झालाय, "जूनां घरोनी जूनी चीजो". बडोदे, नवसारी, सुरतेच्या जुन्या घरांतल्या वस्तू. खाली चित्र, त्यात पितळेची भांडी आणि एका कोपऱ्यात बाईचा मुखवटा. भिंगातून बघितलं. आमच्या धाकटीच्या डाव्या कानाखाली पोचा आहे. चित्रात डावा कान अंधारात होता. हीच ती.

मी सलीलला म्हणालो, रविवारी मला घेऊन चल. वाटलं तो हसेल. हसलाच आधी, मग म्हणाला,

"वलसाडला माझा एक मित्र आहे, कीर्ती. त्याची व्हॅन आहे. स्टेशनवर घ्यायला येईल."

"मित्राला त्रास कशाला?"

"त्रास नाही बाबा. त्याला आवडेल."

लगेच खाली एसटीडी बूथवर फोन करायला गेला आणि बराच वेळ आला नाही. नुसतं गाडी घेऊन ये म्हणायला इतका वेळ लागतो? मृदुला एकाएकी गोड बोलायला लागली आहे. मला कोणता सदरा घालणार विचारलं, त्याला इस्त्री केली. चोरी पकडली जाणार म्हणून असेल.

२६ मे

काल तिथलला जाऊन आलो. सगळं नीट लिहितो, नाहीतर रागात अर्धं राहील.

सुरत आली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. सलील म्हणाला, "बाबा, चहा?" नको म्हणालो. गाडी हलल्यावर उघडले.

वलसाडला कीर्तीभाई आला होता. तिशी-पस्तिशीचा, सावळा, आंब्याच्या कलमांची नर्सरी आहे म्हणाला. खाली वाकून पाया पडला. हल्ली मित्राच्या बापाच्या पाया कोण पडतं? घाम पुसत होता सारखा. माझी पिशवी त्याने हातातून घेतली ती दिवसभर सोडली नाही. मराठी तोडकं-मोडकं बोलतो. "कुठे शिकलास?" म्हटलं, तर "घरमां बोलाय छे, काका" म्हणाला. ह्या बाजूला मराठी माणसं पुष्कळ, शेजारीपाजारी असतील.

वाटेत मी त्याला सगळं सांगितलं. गौरींचं, सुनेचं, बोहारणीचं. मग तेही बोलून गेलो, की माझ्या मुलीने तुमच्यातलाच एक केलाय.

"केवो छे?" त्याने विचारलं. कसा आहे?

"मी बघितलेला नाही. लबाड असणार. बापाला न विचारता मुलगी नेतो तो काय सज्जन असेल?"

"नाही नाही काका. लबाडच असेल," तो म्हणाला. पुढे बसलेल्या सलीलला ठसका लागला.

बाजाराबद्दल काय लिहू! संताप, नुसता संताप. काळ्या वाळूवर रंगीत कापडाचे मांडव. आत जायला तिकीट. कर्ण्यावर सिनेमाची गाणी, शीतपेयाच्या कंपनीची भली मोठी फुगवलेली बाटली, उंटाची सवारी. समुद्र कुठे आहे ते विचारावं लागलं. ग्रामोफोन होते, त्यांच्या कर्ण्यावर गोंद अजून ओला होता. दुर्बिणी, जहाजाची चाकं, तलवारी. जुनं म्हणजे आमच्या घरात जे होतं ते. इथे जुनं म्हणजे जे कोणाच्याच घरात कधी नव्हतं ते. आणि लोक घेत होते! पोरी गॉगल लावून घासलेटचे कंदील घेऊन चालल्या होत्या. ह्यांच्या आया त्याच कंदिलाच्या काचा पुसून कंटाळल्या असतील.

शेवटच्या मांडवात ती दिसली. टेबलावर, पितळी, नाकात नथीचं भोक, कानाखाली पोचा.  धावत जाऊन उचलली.

"हाथ ना लगाडो काका, एन्टिक पीस छे."

"आ मारा घरनी छे! चोर छो तमे!" मी ओरडलो. माणसं जमली. सलील म्हणत होता, बाबा, हळू. कशाला हळू? मी पोलिसांना बोलवा म्हणालो. बडोद्यात आमच्या घराण्याला कोण ओळखत नाही, हेही म्हणालो. ते खरं नाही, पण म्हणालो.

दुकानदार हसायला लागला. टेबलाखालून एक खोकं ओढलं, त्यातलं गवत बाजूला केलं. आत मुखवटेच मुखवटे. सगळ्या सारख्या. सगळ्यांना कानाखाली पोचा.

"एक जोईए के डझन?" तो म्हणाला. "जूनुं देखाय एटले ठोकीए छीए." जुनं दिसावं म्हणून हातोडीने ठोकतात!

लोक हसले. एकाने माझ्या पाठीवर थाप मारली. आमची गौर, तिचा पोचा, जो माझ्या मुलीच्या हातून लहानपणी पडून आला, ज्याच्यासाठी तिने माझा मार खाल्ला, तो पोचा हे लोक डझनावारी पाडतात. मी हातातली आपटली. वाळूत पडली, आवाजही झाला नाही.

कीर्तीभाई मला हाताला धरून बाहेर घेऊन गेला. नारळपाणी दिलं. हळूच म्हणाला, "काका, आ तमारी नथीच. त्या सगळ्यांचा गोबो जमण्या कानाखाली. तुमच्या गौरीचा डाव्या." नथी म्हणजे नाही, गोबो म्हणजे पोचा, जमणा म्हणजे उजवा. बरोबर होतं, माझ्या लक्षात आलं नव्हतं. बोलता बोलता मीच त्याला डावा सांगितलं असेल.

मग दोघं मागे लागले, घर जवळच आहे, दोन घास खाऊन चला. सलील तर विनवण्या करायला लागला. मी म्हणालो, मी परक्याच्या घरी जेवत नाही, मला गाडीवर सोडा. कीर्तीभाईचा चेहरा पडला. वाईट वाटलं, पण माझं डोकं फिरलं होतं. त्याने व्हॅन घरासमोर उभी केली, आत गेला आणि पुष्कळ वेळाने डबा घेऊन आला. वरच्या खिडकीत पडदा हलत होता. असल्या वाऱ्यात हलणारच.

गाडीत डबा उघडला. दहीभात, त्यात तळलेली सांडगी मिरची चुरून घातलेली. ही घालायची तशीच. गुजराथ्याच्या घरात सांडगी मिरची कुठून आली? आता बाजारात सगळंच मिळतं म्हणा. सगळा भात खाल्ला. राग होता तरी खाल्ला.

पोरगा चांगला आहे. आमच्या नशिबात असला एखादा मिळाला असता तर काय बिघडलं असतं!

३ जून

मृदुलाशी बोलणं बंद केलं होतं, आज तेही मोडलं. सकाळी वलसाडहून गाडीने आंब्यांची करंडी आली. कीर्तीभाईने पाठवली. वर लाल कापड शिवलेलं, त्यावरून दोरी.

मृदुला कात्री आणायला गेली. मी म्हणालो, थांब.

दोरीची गाठ बघितली. एक टोक ओढलं. सुटली.

ही गाठ मी दप्तरखान्याबाहेर दोघींनाच शिकवली होती. एक आता नाही. दुसरी माझ्या पायाशी बसून शाळेचं दप्तर त्या गाठीने बांधायची आणि रोज विचारायची, "बाबा, आज बरोबर आहे?"

काही लिहवत नाही.

४ जून

सगळ्यांनी मिळून मला मूर्ख बनवलं. सगळ्यांनी! सलीलने, मृदुलाने, आणि तो लबाड, पिशवी सोडत नव्हता तो, त्याने तर माझ्याच तोंडून स्वतःला शिव्या घालून घेतल्या आणि वर "लबाडच असेल" म्हणाला! मी व्हॅनमध्ये बसलो होतो आणि ती वर खिडकीत होती. आणि डाव्या कानाखालचा पोचा मी त्याला सांगितलाच नव्हता, त्याने तो घरात बघितलाय.

संध्याकाळी दोघांना समोर उभं केलं. "गौर कोणी दिली तिला?"

 मृदुला बोलली.  "आईंनी दिली. आजारी होत्या तेव्हा. मला म्हणाल्या, 'एक इथे, एक तिथे. आता बघू, हे ह्या घरात एकटी कशी बसवतात ते.' आणि तुम्ही मला बोहारणीवरून महिनाभर बोललात, बाबा. मी ऐकून घेतलं, कारण त्यांना शब्द दिला होता."

"मग तो बाजार?"

"बाजार तुम्हीच काढलात," सलील म्हणाला. "आम्हाला वाटलं, एवढं वलसाडपर्यंत जाताच आहात तर."

माझं घर, माझी गौर, माझी बायको, आणि मला सोडून सगळ्यांना ठाऊक. गेलेल्या माणसावर रागावून काही होत नाही, ह्याच्यासारखा अन्याय नाही. मी हिच्या फोटोकडे पाठ करून बसलो. थोड्या वेळाने पाठ दुखायला लागली.

आंबे खाणार नाही म्हणून सांगितलं.

९ जून

आंब्यांचा वास घरभर. माझ्या खोलीत सर्वांत जास्त, कारण करंडी मृदुलाने मुद्दाम इथेच ठेवली आहे. एक नासायला आला होता. टाकण्यापेक्षा खाल्ला. एवढंच.

१५ ऑगस्ट

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली. टीव्हीवर दिवसभर तेच. सोसायटीत झेंडा लावला, पेढे वाटले. मला काही सुचत नाही. भाद्रपद तोंडावर आला.

ठरवलं की कोणापुढे हात पसरायचा नाही, नवी धाकटी घ्यायची. थोरलीला पिशवीत घालून बाजारात भांड्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "तैयार छे, काका," आणि मुखवटा काढून समोर ठेवला. उजव्या कानाखाली पोचा. तिथलच्या खोक्यातली! आता इथेही पोचली.

"हिची बहीण म्हणून चालेल की," तो म्हणाला. "कोण बघायला येतंय?"

मी त्याला वाटेल ते बोललो. थोरली पिशवीत होती, तिने ऐकलं असेल. घरी येईपर्यंत पिशवी छातीशी धरली होती. मृदुलाने दार उघडलं, पिशवीकडे बघितलं. मीच म्हणालो, "बोहारणीचं मी बोललो ते चुकीचं होतं." ती म्हणाली, "हात धुवा, पानं घेते."

६ सप्टेंबर

गणपती बसले. आरतीनंतर सलील म्हणाला, "मंगळवारी गौरी यायच्या. काय करायचं?"

मी म्हणालो, "एकटी बसत नाही."

"ते माहीत आहे."

"मग? दुसरी जिच्याकडे आहे तिने आणायला नको? का मी आणू जाऊन? पुन्हा त्या गाडीत बसू?"

"बाबा, फोन करू?"

"मला काय विचारतोस? तुमचं सगळं मला न विचारताच चालतं ना! आणि तो तिला स्टेशनवर सोडून परत पळणार असेल तर पाठवू नकोस म्हणावं. नीट घरापर्यंत पोचवायला सांग. पितळ आहे, जड असतं."

सलील चप्पल न घालताच खाली पळाला. असा धांदरट आहे.

९ सप्टेंबर

 लिफ्ट पुन्हा बंद. मी सेक्रेटरीला दोनदा बोलून आलो, घरात पाहुणे येणार आणि तुम्ही काय झोपलात का? मृदुलाने उंबऱ्यापासून रांगोळीची पावलं काढली. ती वाकडी आली, तेही बोललो.

दुपारी बेल वाजली. मी खुर्चीत बसून पेपर धरला. मृदुलाने दार उघडलं.

अवंती उंबऱ्याबाहेर उभी होती. केस पिकायला लागलेत एवढ्यात. हातात गाठोडं, हिच्या जुन्या निळ्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं, त्यावर माझी गाठ. मृदुलाने दूध-पाण्याने तिचे पाय धुतले, कुंकू लावलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "गौर कशाच्या पावलांनी आली?"

अवंतीला रडू फुटलं.  मृदुलाही रडायला लागली. दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या, मध्ये गौर लोंबकळतेय.

माझा संताप अनावर झाला. "सोन्याच्या म्हणा!" मी ओरडलो. "सोन्याच्या पावलांनी! एवढंही येत नाही? मुहूर्त टळायचाय का?"

"सोन्याच्या," अवंती म्हणाली आणि आत आली. गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. मी टोक ओढलं. डाव्या कानाखाली पोचा. थोरलीपेक्षा लखलखीत, घासून घासून नाक झिजवलंय.

"इतकी घासतात का?" मी म्हणालो.

"दर महिन्याला घासत होते, बाबा."

मग लक्षात आलं, दार उघडंच आहे. तो बाहेर जिन्यात उभा होता, माझी पिशवी धरली होती तशीच स्वतःची पिशवी छातीशी धरून.

"तिथे काय उभा राहिलास?" मी म्हणालो. "आत ये आणि दार लाव. मांजर येतं."

संध्याकाळी भाजी-भाकरीचा नैवेद्य झाला. तो माझ्या शेजारी बसला होता. मी त्याच्याशी बोललो नाही. सांडगी मिरचीचं ताट फक्त त्याच्याकडे सरकवलं.

११ सप्टेंबर

काल पुरणाचं जेवण झालं. आज गौरी गेल्या. अवंती आणि कीर्ती संध्याकाळच्या गाडीने निघाले.

अक्षता टाकून झाल्यावर मुखवटे मी पुसायला घेतले. मृदुला पेटी घेऊन आली. "बाबा, आता दोन्ही इथेच ठेवायच्या ना?"

"मला शिकवू नकोस," मी म्हणालो.

धाकटीला निळ्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलं, गाठ मारली आणि अवंतीच्या पिशवीत कपड्यांच्या खाली ठेवली. तिने कपड्यांखाली हात घालून गाठ चाचपली आणि विचारलं, "बरोबर आहे?" मी म्हणालो, गाडी चुकेल.

ते गेल्यावर थोरली पेटीत ठेवली. धाकटीचं लाल फडकं झटकलं, नीट घडी घातली आणि तिच्या शेजारी ठेवून झाकण लावलं.